कार्डातली शेवटची फाइल

भूत, आत्मा, संकेत... असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. नव्हता, असं म्हणा हवं तर. मी खराडीत टेक सपोर्टला आहे. ‘एकदा बंद करून चालू करा’ हे दिवसभर लोकांना सांगायचं आणि त्याचा पगार घ्यायचा. त्यामुळे जे घडलं ते मी आधी यंत्राच्याच बाजूने तपासलंय, एवढं लक्षात ठेवून पुढे वाचा.

मागच्या वर्षी सासूबाई गेल्या. आम्ही विश्रांतवाडीला एकत्रच राहायचो — मी, नवरा मंदार आणि आई. मंदारचे मोठे भाऊ, म्हणजे माझे भाऊजी, परदेशात असतात. ते विमानाने आले, रडले, आणि रडणं आवरल्यावर मला म्हणाले, “मेघा, तेराव्याला हार घालायला आईचा छानसा फोटो शोधून ठेव हं.”

शोधून ठेव! होता कुठे? भाऊजींनी जुना झाला म्हणून एक डिजिटल कॅमेरा आईंकडे टाकला होता. तेव्हापासून बारसं असो, मुंज असो, फोटो काढायचं काम आईंचं. “आई, जरा काढ ना,” की सगळे ओळीत उभे. भिंतीवरचा सासऱ्यांचा फोटोसुद्धा त्यांनीच काढलेला. मी कधी म्हटलं की आई, तुम्ही बसा, मी काढते... तर त्या म्हणणार, “राहू दे गं, माझं काय मेलीचं!” आणि लगेच मंदार म्हणणार, “तिला नाही आवडत.” संपला विषय. पोटची दोन पोरं, दोन्ही इंजिनिअर, पण कॅमेरा तिच्या हातातून घ्यावा हे एकालाही सुचू नये?

घरात सापडला तो आधार कार्डावरचा फोटो. त्यात त्या पकडून आणल्यासारख्या दिसत होत्या. दुसरा एका लग्नातल्या ग्रुपमधून कापलेला — अर्धा कान गायब आणि खांद्यावर कुणा परक्याचा पंजा.

“एवढा चालेल की,” मंदार म्हणाला. माझं डोकंच फिरलं. मी त्याला म्हटलं, “पंज्यालाही हार घालणार आहेस का?”

मग आईंचं कपाट उपसलं. कॅमेरा होता, पण बॅटरी फुगलेली आणि चार्जरचा पत्ता नाही. मेमरी कार्ड मात्र आत होतं. ते काढून घरातल्या कार्ड रीडरला लावलं. दिवा लुकलुकला आणि गेला. कॉम्प्युटर म्हणे, कार्ड फॉरमॅट करा. हो, म्हणजे होतं नव्हतं ते पुसून टाका! दुसऱ्या पोर्टमध्ये लावून पाहिलं, कार्डाच्या कडेची लॉकची कळ पाहिली, सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलकेच पुसल्या. काही नाही.

तेवढ्यात दहावा आला. घाटावर पिंडाला कावळा शिवेना. दोघे भाऊ हात जोडून एकेक इच्छा बोलायला लागले. तिची पोथी आणू, तिच्या नावाने अन्नदान करू... कावळे आपले झाडावर निवांत. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. भाऊजींनी घड्याळ पाहिलं आणि आम्ही निघालो.

येताना मी एकटीच शनिवार पेठेत उतरले. तिथे कॅमेऱ्याच्या सामानाचं एक दुकान आहे. मालकांनी कार्ड त्यांच्या रीडरला लावलं आणि फोटो धडाधड दिसले.

“कार्ड ठणठणीत आहे. तुमचा रीडर टाकून द्या.”

“नवीन नेला तर घरी नक्की चालेल ना?”

“नाही चालला तर कॉम्प्युटर टाकून द्या.”

नवीन रीडर चालला. सगळे फोटो उतरले — शेवटची एक फाइल सोडून. तिथे आलं की कॉपी अडकायची आणि रीडरच गायब व्हायचा. ऑफिसचा लॅपटॉप लावून पाहिला, फाइल परत मिळवायचं सॉफ्टवेअर चालवून पाहिलं. तेच. आणि उतरलेल्या फोटोंत आई कुठेच नाहीत. एका फोटोत कपाटाच्या आरशात पदराचा काठ, एकात फरशीवर सावली. बस.

तेराव्याच्या आदल्या दुपारी मंदार तो पंज्यावाला फोटो मोठा करायला निघाला. मी त्याला थांबवलं आणि पुन्हा रीडर लावला. पुन्हा अडकलं. मला इतका संताप आला, इतकं रडू आलं की मी स्क्रीनसमोर हात जोडले. “आई, शब्द देते. जसा असेल तसा लावीन. तुम्हाला कुणाला कापू देणार नाही.”

आणि फाइल उतरली. लगेच.

फोटोत आई आमच्या हॉलमधल्या सोफ्यावर बसल्या होत्या. ठेवणीतली जांभळी साडी, नजर थेट समोर. हसत नव्हत्या. आणि कॅमेरा त्यांच्या मांडीवर होता. हाच कॅमेरा — मीच पट्ट्याला बांधलेल्या लाल दोऱ्यासकट.

“टायमर लावला असेल,” मंदार म्हणाला.

“कॅमेरा मांडीवर घेऊन?”

“मग आरशात काढला असेल.” पण मागच्या कॅलेंडरवरची अक्षरं सरळ होती. “मग कुणाच्या तरी मोबाइलने.” मी फाइलची माहिती उघडली. तिथे नाव याच कॅमेऱ्याचं होतं.

भाऊजींनी चष्मा पुसून फोटो पाहिला. “हसत नाहीये गं ती. आणि खालचा कॅमेरा विचित्र दिसतोय... तेवढा क्रॉप कर ना.”

“नाही करणार,” मी म्हटलं. आवाज जरा चढलाच माझा.

नंतर ऑफिसात मी ही फाइल तीन-चार जणांना दाखवली. कुणालाही उलगडा झाला नाही, मलाही नाही. कार्ड आता कुठल्याही रीडरला चटकन उघडतं.

तेराव्याला फोटो कॅमेऱ्यासकट लावला. आलेलं प्रत्येक माणूस त्यापुढे थबकत होतं. शेवटी शेजारच्या काकूंनी विचारलंच, “किती छान आल्यात हो! कुणी काढला?”

दोघे भाऊ एकमेकांकडे बघायला लागले. मी मनात म्हटलं, निदान याचं तरी उत्तर आपल्याला ठाऊक आहे.

“यांच्यापैकी कुणीच नाही, काकू.”