माझ्या फोटोखालचं कुलूप

"मॅडमना शिंका येतायत. तुम्ही बाहेर बसा."

ग्रंथालयाच्या काउंटरवरचा माणूस माझ्याकडे न बघताच बोलला. मागे रांगेत कॉलेजची पोरं. एक पोरगी नाकाला रुमाल लावून हसली. मी माझ्या हातांकडे बघितलं. येताना साबण लावून लावून धुतले होते. पण लालबागच्या डंकावर मसाला कुटणाऱ्या बाईच्या अंगातून मिरची जात नाही. नखांत राहते, केसांत राहते, पदरात तर राहतेच.

मी बाहेर जाऊन वॉचमनच्या स्टुलाशेजारी बसले. हो, मुकाट बसले. तेव्हा.

तिथे कशाला तडमडले होते, ते सांगते. बाप गिरणीत होता. गिरणी बंद पडली आणि माझी शाळा सुटली. मग लग्न, पोरं, डंक. पोरं मार्गाला लागल्यावर मी रात्रशाळेतून बारावी केली आणि मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं. शेवटच्या वर्षाला इतिहासाच्या पेपरची पुस्तकं कुठे मिळेनात. शोधता शोधता मोबाइलवर परळच्या बाजूच्या एका बड्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाची वेबसाइट सापडली. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. त्यांची जाहिरात मी एकदा फुकट केलीय, तेवढी पुरे.

वेबसाइटवर मोठ्या अक्षरांत होतं, 'आजीवन शिक्षण. आमची दारं प्रत्येक शिकणाऱ्यासाठी खुली.' मला हवी ती पुस्तकं यादीत दिसत होती, घरबसल्या वाचायची सोयसुद्धा. पण पुस्तकावर बोट ठेवलं की पान पुढे हलायचं नाही. मला वाटलं, माझा मोबाइलच जुना. म्हणून स्वतः गेले. छापलंय म्हणजे खरं असणार, असं आमच्यासारख्यांनाच वाटतं. ज्यांनी छापलं त्यांना तसं काही वाटत नव्हतं.

तर मी बाहेर बसलेली. थोड्या वेळाने त्याच शिंकणाऱ्या मॅडम आल्या, ग्रंथालयाच्या मुख्य. सोबत कॅमेरावाला. वेबसाइट नवी करायची होती आणि त्यांना कष्टकरी दिसणारी बाई हवी होती. आता आवाजात साखर. "मावशी, एक फोटो देता का?" मी पुस्तकाचं विचारलं. त्या म्हणाल्या, हो हो, बघू ना.

मला आत नेलं. मघाशी जिथून बाहेर काढलं त्याच हॉलमध्ये, खिडकीजवळच्या खुर्चीवर बसवलं. पदर सारखा करायला लावला. कॅमेरावाल्याने स्वतःचा चष्मा काढून माझ्या डोळ्यांवर चढवला. म्हणे, शिकल्यासारखं वाटतं. मला चष्मा लागत नाही. मग हातात एक जाडजूड पुस्तक दिलं. मराठीच होतं, उघडलेलं पान मुंबईतल्या जुन्या वस्त्यांबद्दल होतं. चष्म्यातून धूसर दिसत होतं, तरी मी वरून डोकावून वाचायला लागले.

तो ओरडला, "वाचू नका. हसा."

मी हसले. देवाशप्पथ, हसले. ते हसू आठवलं की आजही माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

फोटो झाला तसा चष्मा गेला, पुस्तक गेलं. बाहेरच्यांना सभासद करून घ्यायचं अजून विचाराधीन आहे, असं मॅडम म्हणाल्या. थँक यू मावशी, असंही म्हणाल्या. मी दारात पोचेपर्यंत मागे खिडक्या उघडल्याचे आवाज आले.

त्या पेपरात मी नापास झाले. बाकी सगळ्यांत पास.

मग एक दिवस संगीता, डंकावरची माझी जोडीदारीण, मोबाइल घेऊन धावत आली. "ह्यो तुझोच फोटो मा गो?" माझाच होता. वेबसाइटच्या पहिल्याच पानावर, चष्मा लावून, दात काढून. खाली 'शिकण्याला वय नसतं.' त्याखाली हिरवं बटण, 'वाचायला सुरुवात करा.' मी बटण दाबलं. आतून विचारलं, आमच्या विद्यापीठाचा विद्यार्थी क्रमांक टाका. माझा मोबाइल जुना नव्हता तर. माझ्या हनुवटीखाली कुलूप लावून ठेवलं होतं.

डोक्यात तिडीक गेली. तशीच ग्रंथालयात जाऊन मॅडमसमोर उभी राहिले. विचारलं, हा चेहरा घेतलात, मग ह्या बाईला आत का घेत नाही? त्यांनी समजावलं की असे फोटो प्रतीक म्हणून असतात. सभासदत्वाचं समितीपुढे जावं लागेल, वेळ लागतो. मग म्हणाल्या, त्रास होत असेल तर फोटो काढते. आणि माझ्यादेखत काढला. बोटाने टक केलं आणि मी गेले. दाराला समिती लागत होती. मला पुसायला काहीच लागलं नाही.

पण संगीताने ते पान मोबाइलमध्ये जपून ठेवलं होतं. आणि लालबागमध्ये फ्लेक्सवाल्यांना काय तोटा? आमच्याकडे बारशापासून वाढदिवसापर्यंत माणूस फ्लेक्सवर चढतो. मीही चढले. फोटो तोच, वाक्य त्यांचंच, खाली माझं: 'ह्यांनी मला पुस्तक फक्त फोटोपुरतं दिलं. मी नापास झाले.'

वेळ बघूनच गेलो. वॉचमन आता ओळखीचा झाला होता. त्याच्याकडून कळलं, विद्यापीठाचा दर्जा तपासायला बाहेरून समिती येणार आहे. त्या दिवशी आम्ही डंकावरच्या सगळ्या बायका कामावरून थेट गेटवर. मसाल्याचा सीझन, अंगभर लाल धूळ. हात मुद्दाम धुतले नाहीत. समितीची गाडी थांबली. एक साहेब उतरून फ्लेक्स वाचत उभे राहिले, आणि शिंकले. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

मॅडम धावत आल्या. चेहरा पांढरा. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "तुमचं एकटीचं कार्ड आत्ता करून देते. आधी हे खाली घ्या."

कार्ड मला हवं होतं. खोटं कशाला बोलू? फेरपरीक्षा तोंडावर आलीय. संगीताच्या हातात फ्लेक्सची एक काठी होती, दुसरी माझ्या. ती माझ्याकडे बघत होती. यंदा तिनेही बी.ए.ला नाव घातलंय.

मी म्हटलं, "ते बटण सगळ्यांसाठी उघडा. तोवर हा खाली येणार नाही."

समितीने काय शेरा दिला, ठाऊक नाही. वाईट दिला असो. मनापासून म्हणते.

बटण अजून बंद आहे. मी रोज दाबून बघते. दर शनिवारी डंकावरून तशीच जाते आणि गेटसमोर फ्लेक्स धरून बसते. मॅडमची गाडी फ्लेक्सवरच्या माझ्या दातांसमोरून आत जाते. जाऊ दे. ज्या दिवशी ते उघडेल, त्या दिवशी मी ह्याच हातांनी, ह्याच लुगड्यात, खिडकीजवळच्या त्याच खुर्चीवर जाऊन बसेन. त्यांनी खिडक्या उघडाव्यात नाहीतर नाक दाबून मरावं. मी हसणार नाही. वाचणार.