हिरवा देठ

आमच्या खोऱ्यात वसंत आला की घरोघरी रवाश. शहरातले तिला रुबार्ब म्हणतात म्हणे, म्हणोत बापडे. पोरं देठ सोलून मीठ लावून कचाकचा खातात, म्हाताऱ्या सरबत करतात. मटणाच्या कोरम्यात घालायची तर अगदी शेवटी, आच मंद करून. आधी टाकलीत की लगदा! हे मला शिकवलं शेजारच्या गुलबख्तनं. तिच्या हाताला चव होती, आणि तळव्यांना घट्टे.

घट्टे दगडांचे. रवाशीनं जमिनीतून डोकं काढलं रे काढलं की तिच्यावर बारीक दगडगोट्यांचा ढीग रचायचा. ऊन लागलं नाही तर देठ लांब, गुलाबी, लुसलुशीत. लागलं की हिरवे आणि आंबटढाण. ज्यानं ढीग रचला त्याची रवाश, दुसरा कुणी बोट लावत नाही. गुलबख्तचे चाळीस ढीग असायचे. नवरा, नवरोज, दमेकरी. तो पायथ्याशी खोकत बसायचा आणि ही पाठीला टोपली बांधून चढायची. पंधरा वर्षं मी हे माझ्या घराच्या धाब्यावरून, छपरावर उभी राहून पाहिलं. दर वसंतात पहिला देठ, मिठाच्या पुडीसकट, माझ्याकडे यायचा.

नवरोज हिवाळ्यात गेला. वसंतात गुलबख्तनं चाळीसच्या चाळीस ढीग रचले, आणि मग धाकटा दीर खादिम उगवला. आयत्या बिळावर नागोबा मेला!

"ढीग आमच्या भावाचे होते. आता माझे."

मशिदीच्या अंगणात पंच बसले. पंचांत आमचे हेही. गुलबख्त दारामागून म्हणाली, "ढीग दरसाल मीच रचलेत. आता पोरांच्या तोंडचा घास तेवढाच आहे. शेजारणीला विचारा."

मला बोलावलं. ह्यांनी नुसता घसा खाकरला. आमच्या बटाट्यांना पाणी येतं ते खादिमच्या शेतातून. मी पदराशी चाळा करत म्हटलं, "मला काय ठाऊक बाई, मी आपली घरात असते."

पंचांनी ढीग खादिमला दिले. गुलबख्त रडली नाही. जाताना माझ्याजवळ थांबली. "डोळे अधू झालेत होय गं ताई तुझे? आधी सांगायचंस, हात धरून वर नेलं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती डोंगरावर. एकेक ढीग मोडून दगड टोपलीत भरत होती. खादिम धापा टाकत गेला.

"वहिनी, डोकं फिरलं का तुमचं?"

"रवाश तुमची ना भाऊजी? राहू द्या की. दगड मी वाहिलेत, तेवढे नेते."

तीन दिवस ती दगड उतरवत होती. खादिमनं पुन्हा रचून पाहिले. दोन ढिगांत कंबर धरून खाली आला, तो परत काही चढला नाही. सगळी रवाश उन्हात हिरवी पडली. बाजारात कुणी हात लावीना. खादिमच्या बायकोनं पंचांना कोरम्याचं जेवण घातलं, तर आमचे हे दात आंबवून घरी आले.

मला हसू फुटणार होतं. पण धाब्यावर गेले तर पलीकडे गुलबख्तची पोरं कोरडी भाकरी चहात बुडवून खात होती. तेल नाही, कांदा नाही. हसू कसलं येतंय.

त्याच संध्याकाळी तिची धाकटी दारात आली. "आईनं दिलंय." फडक्यात एक देठ. हिरवागार. मिठाची पुडी नव्हती.

मी उंबऱ्यावरच बसून सोलला. पहिल्या घासाला कानशिलं झणझणली, डोळ्यांतून पाणी आलं. ह्यांनी हात पुढे केला, "आण इकडे, टाकून देतो ते."

मी देठ मागे ओढला. "तुम्ही नुसते खाकरलात," म्हटलं. "बोलले मी."

आणि शेवटपर्यंत खाल्ला.