गणपतीच्या रजेचा अर्ज

गणपतचं अक्षर मोत्यासारखं. पण लिहिण्याची जितकी हौस, तितकाच वाचण्याचा कंटाळा. त्यापायी तो स्वतः अडकला आणि दहा गाववाल्यांनाही अडकवून बसला. सावंतवाडीकडचा हा एसी मेकॅनिक बावीस वर्षं कुवेतमधल्या एकाच कंपनीत आहे. मी सालमियातल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढतो. शुक्रवारी तो माझ्याकडे जेवायला येतो, म्हणून हे सगळं मला पहिल्यापासून ठाऊक आहे.

म्हातारपणाच्या फंडासाठी म्हणून कंपनी दर महिन्याला पगारातून पैसे कापायची. ते मालकाने मेव्हण्याच्या इमारतीत घातले, इमारत अर्ध्यावर राहिली आणि फंड बुडाला. केरळचे आणि इजिप्तचे कामगार कोर्टात गेले. गणपत आणि त्याच्या खोलीतल्या दहा गाववाल्यांना जाता येईना.

दोन वर्षांपूर्वी ऑफिसने सगळ्यांना एक इंग्रजी कागद दिला होता. फंडाबद्दल तक्रार असेल तर कोर्टात जायचं नाही, कंपनीने नेमलेल्या लवादापुढेच मांडायची. बाकीच्यांनी तो कुणाकडून तरी वाचून घेतला आणि सही न करता परत केला. या अकरा जणांना मात्र तो चतुर्थीच्या रजेच्या अर्जाला टाचून आला. गणपतीला घरी जायला मिळतंय म्हटल्यावर कोकणी माणूस कशावरही सही करील. गणपतनेच सगळ्यांच्या सह्या गोळा केल्या आणि दुपारच्या आत ऑफिसात नेऊन दिल्या.

वकिलाने एकच वाट सांगितली. रजा अडवून जबरदस्तीने सही घेतली, हे लवादाला पटलं तर तो कागद रद्द होईल. मी गणपतकडून अख्खा शुक्रवार तेवढंच घोटून घेतलं.

दस्मानमधल्या लवादाच्या कचेरीत मी दुभाषा म्हणून बरोबर गेलो. लवाद सभ्य होता, त्याने चहा मागवला. गणपतचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग फाइलमधून एक हिंदी पत्र काढलं. अक्षर मी लांबूनच ओळखलं. रजा मंजूर झाल्यावर गणपतने मॅनेजरला आभाराचं पत्र लिहिलं होतं. आम्ही सर्वांनी राजीखुशीने सह्या केल्या, साहेबांचे उपकार जन्मभर विसरणार नाही. खाली अकराही सह्या.

बाहेर आल्यावर मी त्याच्यावर भडकलो. हे तुला कुणी लिहायला सांगितलं होतं, म्हणून विचारलं.

"कोणी नाय. अर्जात असाच लिवतत मा," तो म्हणाला.

निकाल विरोधात गेला. त्यावर कोर्टात दाद मागायला महिनाभर होता, आणि वकील तयार होता. पण चतुर्थी जवळ आली होती, आणि आता देश सोडायलाही कंपनीची परवानगी लागते. परवानगीच्या अर्जाला या वेळीही कागद टाचलेला होता. गणपतने तो माझ्याकडे आणला आणि ओळ न् ओळ दोनदा वाचून घेतला. निकाल मान्य आहे, यापुढे फंडावर कसलाही दावा सांगणार नाही. सही केलीस तर बावीस वर्षं पाण्यात, मी त्याला बजावलं.

तेवढ्यात त्याच्या बायकोचा, गोदूबाईंचा फोन आला. त्यांनी गणपतीवरच्या फळापानांच्या छताचं एवढंच विचारलं, "माटवी बांधूक येतलास मा?"

गणपत "व्हय" म्हणाला. फोन खिशात ठेवून त्याने माझ्यापुढे हात केला.

"आता तरी वाचून सही करतंय," तो म्हणाला.

मला त्याचा संताप आला आणि रडूही आलं. मी पेन दिलं.