साडूभाऊंची घळ

खऱ्या मत्सराला देशाच्या सीमा नसतात. माझे साडू डिंभे धरणाच्या वर आहुप्याला राहतात आणि अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय उद्यानावर जळतात.

त्यांच्या भातखाचरांमागे एक घळ आहे. अरुंद, अंधारी, तळाशी ओढा. वनखात्यातली नोकरी त्यांनी हिच्यासाठीच केली, असा माझ्या मेव्हणीचा संशय आहे. पर्यटक कड्यावर फोटो काढून निघून जातात, घळीकडे कोणी फिरकत नाही, याचं साडूभाऊंना दुःख आहे; आणि एखादा चुकून फिरकलाच, तर "काय न्हाई तिकडं," म्हणून तेच त्याला परत पाठवतात. मला मात्र दर भेटीत विहिरीच्या दोराला दगड बांधून खोली मोजून दाखवतात. मी चकित व्हायचं, एवढीच अपेक्षा असते. पुढे त्यांच्या अमेरिकेतल्या जावयाने सुट्टीत येऊन मोबाईलवर ते उद्यान दाखवलं. तीही घळच, पण तळाची नदी वरून तारेएवढी, काठाला कठडे, पाट्या, तिकीट. साडूभाऊंनी फोन लांब धरून, जवळ धरून पाहिला. "फोटोत समदंच खोल दिसतं," म्हणाले. तेव्हापासून आपली घळ दर भेटीला दोन-चार हात खोल होत गेली. दोर तोच होता.

लेक तिकडे बोलावत राहिली. तिला बाळ झालं, तरी हे जाईनात. "नातू बघायचाय का दगडं?" मेव्हणी कडाडली. साडूभाऊंनी मला अंगणाच्या कडेला नेलं. "पावणं, जावई तिथं नेल्याबिगर ऱ्हायचा न्हाई. अन् ती खरंच खोल निघाली म्हंजे?"

शेवटी मेव्हणीने नेलंच. परतल्यावर मी आधी घळीचंच विचारलं.

"न्हाई बघितली. समदी गेली काठावर, मी गाडीपाशीच थांबलो."

"अहो, एवढ्या लांब जाऊन?"

"बघितली असती, तर हिथं येऊन काय बघायचं व्हतं?"

आपल्यासाठी कोणी असं साता समुद्रापलीकडे जाऊन पाठ फिरवून उभं राहील का, असं मनात आलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला एका घळीचा हेवा वाटला. तसं बोलून दाखवलं, तर मेव्हणी म्हणाली, "मला तर लगीन झाल्यापास्नं वाटतोय."

त्या राष्ट्रीय उद्यानातला साडूभाऊंचा एकच फोटो आहे. मागे स्वच्छतागृह आहे.