हर्षाचे पाय आणि सहदेवचं लोणी

माणिकबाईचं डोकं त्या दिवशी सकाळपासूनच फिरलेलं होतं, आणि फिरू नये तर काय! पोरगी लंगडत होती, अन् नवरा म्हणत होता, "पय!" लंगड्या पायानं पळ म्हणे!

पोरगी म्हणजे हर्षा. बार्शीटाकळीजवळच्या आपल्या मळ्यात भेंडी तोडता तोडता तिनं पोलीस भरतीचं मनावर घेतलं. सुरुवातीला वेशीपासून नाल्यापर्यंत धावली की धापा टाकायची, रात्री मांड्या ठणकायच्या. माणिकबाई हातानं शेकायची अन् तोंडानं शिव्या द्यायची. मग हळूहळू दम बसला. ज्या चढावर पोरगी कमरेवर हात ठेवून उभी राहायची, तिथं ती गप्पा मारत धावू लागली. भूक तर अशी वाढली की भाकरी थापून थापून आईचेच हात दुखले. तिच्या बापाला, सहदेवला, आभाळ ठेंगणं झालं. रोज सकाळी तो सायकलवर तिच्या मागे शिट्टी फुंकत निघायचा.

अकोल्याच्या मैदानावर शिकवणारे जानराव सर कानीकपाळी ओरडायचे, "दम लवकर तयार होते, हाडाले वेळ लागते. पयताना शरीर झिजते, आरामात ते भरून निघते. आठवड्यातून एक दिवस सुट्टी पाहिजेच!"

सहदेवला पटेल तर शपथ. "सुट्टी घेतली का अंग जड होते," हा त्याचा हेका. दम चांगला, म्हणून हर्षालाही वाटायचं, आपल्याला काय होते! दोघं एकाच माळेचे मणी. शेवटी नडगी बोलू लागली. मागच्या भरतीत हर्षा धावण्यातच बाद झाली होती. दिवाळीनंतरची ही भरती हुकली की वय निघून जाणार, आणि इथं पाय टेकवत नव्हता.

तशातच पोळ्याची आदली संध्याकाळ आली. सहदेव गोठ्यात बैलांचे खांदे लोणी-हळदीनं शेकत होता. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," असं म्हणत तो बैलांना पोळ्याच्या जेवणाचं आमंत्रण देत होता. तेवढ्यात शेजारचा योगेश आला. उद्या घंटाभर बैलजोडी मिळते काय, म्हणाला.

"पोयाच्या दिवशी?" सहदेव खवळला. "वर्षभर राबते बिचारे! उद्या यायच्या खांद्यावर जू नाई म्हणजे नाई!" योगेश तोंड पाडून गेला. अन् त्याच दमात हा बाबा अंगणाकडे वळून ओरडला, "हर्षे, लवकर झोप! उद्या सकायी पयाले जाचं हाय!"

माणिकबाईनं लाटणं आपटलं. "काहून हो, माही पोट्टी बैलाहून गईगुजरी हाय काय? बैलाले लोणी, अन् तिले शिट्टी?"

सहदेव लोण्याची वाटी घेऊन हर्षाच्या खाटेपाशी बसला. नडगीला बोट लागताच पोरगी कळवळली. त्याचा हात तिथंच थांबला.

"इतकं दुखते? सांगतलं काहून नाई?"

"तुमी शिट्टी वाजवून राहिले होते ना, बाबा."

त्यानं बोटभर लोणी घेऊन अलगद तिच्या नडगीला लावलं. मग हळूच म्हणाला, "आज आवतन घे माय. उद्या जेवाले ये."

डॉक्टरनं सांगितला तेवढा आराम त्यानं तिला घेऊ दिला. पुढं सरांच्या सांगण्याप्रमाणे हर्षा आधी चालली, मग धावली, अन् दर रविवारी बाप तिचे पाय शेकत बसला. पाय हलके झाले. ते आरामानं झाले हे कोणीही सांगेल, पण हा माणूस गावभर सांगत सुटला, "लोण्याचा गुण हाय!" सांगून सांगून माणिकबाईचं तोंड दुखलं. शेवटी तिनं नाद सोडला. लोण्याच्या निमित्तानं का होईना, पोरगी रविवारी निजत होती.

अमरावतीच्या भरतीत हर्षा आठशे मीटर धावली आणि पास झाली. बाहेर येऊन ती लिंबाखाली बसते न बसते, तोच सहदेवनं पिशवीतून लोण्याचा डबा काढला अन् भर रस्त्यात तिचा पाय मांडीवर घेतला.

"अहो, काही लाज? लोक पाहून राहिले ना!" माणिकबाई करवादली. मग तिथंच फतकल मारून बसली, डब्यात दोन बोटं घातली, अन् हर्षाचा दुसरा पाय आपल्याकडे ओढला.