अक्कांच्या कादंबरीचा शेवट

ब्लाउजचं माप घेताना अक्का दोन बोटं आडवी धरायच्या आणि म्हणायच्या, "आत एवढं कापड राहू दे. माणूस आहे, वाढेल." तंजावुरात आमच्या गल्लीत त्यांनी उभा जन्म शिवणयंत्रावर काढला. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कात्री एकीकडे चालते, मन दुसरीकडे.

अक्कांचं मन स्वतः लिहीत असलेल्या एका कादंबरीत होतं. सिनेमातला एक मोठा नट आपल्याबद्दलच्या वावड्या थांबवायला कपडेपटातल्या शिंपिणीला सांगतो, सहा महिने माझी प्रेयसी म्हणून मिरव. ती घाबरून हो म्हणते. मी हसलो. म्हटलं, शेवटी दोघांचं खरंच प्रेम जमणार, हे आमच्या टाऊन बसचा कंडक्टरही सांगेल.

"प्रेम होतं, अण्णा. पण त्याला होतं," त्या म्हणाल्या. "ती वाढते."

त्यांची भाषा पिढ्यानपिढ्या तंजावुरात राहिलेल्या आमच्या घराघरांतली मराठी, पण लिहीत तमिळ अक्षरांत. देवनागरी त्यांना वाचता येत नव्हती. मी पुण्यात नोकरी करून परतलेला, म्हणून गल्लीत ती लिपी येणारा मी एकटा. सात वह्या माझ्याकडे आल्या. मी फक्त लिपी बदलायची होती.

मी भाषाच बदलत गेलो. पुण्याचे लोक हसतील म्हणून त्यांचे जुने शब्द काढले, तमिळ शब्द काढले. सुरुवातीला मान खाली घालून बोलणारी ती शिंपीण पाचव्या वहीत, फोटोवाल्यांसमोर नट हात धरू लागतो तेव्हा म्हणते, "आधी विचार." ते पान अक्कांनी तीनदा खोडून लिहिलं होतं. मी ते एका ओळीत उरकलं.

शेवटी ती नटाला नकार देते, खोटेपणा सगळ्यांसमोर सांगून टाकते आणि ओरत्तनाडूला जाऊन स्वतःचं दुकान थाटते. पुण्याच्या प्रकाशकाचा फोन आला. लग्न लावून द्या, वाचकांना तेच लागतं, लेखिकेला विचारून घ्या. मी तिथल्या तिथे सांगितलं, विचारलंय. मला पुस्तकावर 'शब्दांकन' या शब्दापुढे माझं नाव हवं होतं. याहून बरं कारण मी पुष्कळ शोधलं. सापडलं नाही.

पुस्तक आलं. अक्कांनी त्याला कुंकू लावलं आणि शेवटचं प्रकरण वाचायला सांगितलं. मी पुस्तक उघडून समोर धरलं आणि वहीतला शेवट आठवून म्हणत गेलो. मध्ये पानही उलटलं. त्या पदराने डोळे पुसत ऐकत होत्या.

पुढे पापनाशमच्या त्यांच्या भाच्याने सोलापूरची मुलगी केली. त्या सुनेने हौसेने अक्कांना सगळं पुस्तक वाचून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी अक्का माझ्या दारात. आत या म्हटलं, आल्या नाहीत.

"माझी पोरगी तुम्ही त्याच्याच घरी धाडलीत?"

मी म्हणालो, वाचकांना असंच आवडतं.

"मग मला वाचून दाखवलंत ते कोणाला आवडावं म्हणून?"

मी वह्या आणून दिल्या. त्यांनी मोजल्याही नाहीत. त्यानंतर त्या पापनाशमला भावाकडे राहायला गेल्या. शिवत राहिल्या, लिहिलं नाही.

गेल्या वर्षी त्या वारल्या. मी पापनाशमला गेलो, वह्या मागितल्या. भाऊ म्हणाला, भोगीच्या पहाटे दारात जुनंपानं जाळतात ना आपल्याकडे, त्यात तिने स्वतःच टाकल्या. त्याला वाटलं, जुने हिशेब असतील.

प्रकाशकाकडे सगळं कबूल केलं. नव्या आवृत्तीत शेवट बदला म्हटलं. ते सभ्यपणे म्हणाले, मूळ मजकूर पाठवा.

महिनाभर रोज कागद घेऊन बसतोय. शिंपीण बसमधून उतरते, दुकानाचं कुलूप काढते, इथवर येतं. पण तिने तिथे उभं राहून काय म्हटलं, ते अक्कांच्या शब्दांत आठवत नाही. हात चालतो, ओळी येतात, आणि सगळ्या पुण्याच्या असतात.