पनवेलच्या पेटीत न पडलेलं पत्र

शेवगावहून पहाटे सुटलेली एसटी पुण्यात थांबली, घाट उतरली आणि खोपोलीच्या पुढे अंग घामानं चिकट झालं. आपल्याकडची कोरडी हवा मागेच राहिली. मांडीवर पत्र्याची पेटी, पेटीत कपडे, बायबलचा नवा करार आणि आमच्या चर्चच्या पाळकांनी पनवेलच्या रूथबाईंना दिलेली चिठ्ठी. मी सतरा वर्षांची, शाळा सातवीतच सुटलेली. वडील दुसरीबरोबर शेजारच्या आळीत राहायला गेले होते आणि आईला नि मला मावशीच्या घरी फार दिवस झाले होते. मोडलेल्या घरातल्या पोरांना रूथबाई हाताशी धरतात, काम आणि पवित्र शास्त्र शिकवतात, एवढंच ऐकलं होतं. त्यांनी ठेवून घेतलं नाही तर जायचं कुठे, हे पनवेल येईपर्यंत सुचलं नव्हतं.

न्हावा शेवा बंदराकडे जाणारे ट्रक एकामागून एक, इतके लांब की रस्ता ओलांडायला धीर होईना. शेवटी एका भाजीवालीनं मनगट धरून पलीकडे नेलं.

खांदा कॉलनीत तळमजल्यावर बाईंचं घर. बाई पूर्वी नर्स होत्या, आवाज अजून वॉर्डातला. चिठ्ठी वाचून त्यांनी घडी घातली आणि म्हणाल्या, "आधी जेव." ताटात तांदळाची भाकरी आणि सुकट (वाळवलेली बारीक कोलंबी). बाजरीवर वाढलेली मी त्या पांढऱ्या भाकरीकडे बघतच राहिले. रोज संध्याकाळी तिथे येणारा पीटर, ट्रकवरचा क्लीनर, म्हणाला, "खा गं. सुकटीचा वास आठ दिवसच येतो. नंतर आपल्याच अंगाला यायला लागतो."

जेवणं झाल्यावर बाईंनी जाड वही उघडली. तिथली रीत अशी, की नव्या माणसानं घरच्यांची नावं सांगायची, बाई ती लिहून घेणार, वारलेल्यांची वेगळ्या पानावर, आणि जिवंतांसाठी रोज वहीवर हात ठेवून प्रार्थना होणार. मी आईचं नाव सांगितलं. "आणि वडील?" बाप आम्हाला टाकून गेला, हे त्या अनोळखी तोंडांसमोर निघेना.

"वारले," मी म्हणाले.

"नाव काय त्यांचं?"

"यशवंत."

बाईंनी लिहून घेतलं. प्रार्थनेच्या शेवटी मीही आमेन म्हणाले.

दिवस बरे जाऊ लागले. शिवणयंत्रावर उशांचे अभ्रे शिवायचे. मंगळवारी एक तास बाई फक्त माझ्या. थोडं शास्त्र वाचायचं आणि मग रोडपालीच्या बाजूला चालायला जायचं. त्या विचारत काही नसत, चालत मात्र भराभर. इतकं लक्ष मला कुणी दिलं नव्हतं, म्हणूनच ते खोटं जास्त टोचे.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी चिकटवलेलं पाकीट हातात दिलं. "तुझ्या आईला लिहिलंय. सगळ्यांच्या सह्या आहेत. पत्ता तू घाल नि पोस्टात टाक."

नक्कीच सांत्वनाचं पत्र. आई वाचणार, पाळकांकडे जाणार, आणि मी खोटारडी म्हणून परत शेवगावला. पोस्टाच्या पेटीपाशी किती वेळ उभी राहिले कोण जाणे. शेजारी मासे घेऊन बसलेली आगरी मावशी म्हणाली, "टाक ना गो. पेटी चावत नाय."

"चुकीचं लिहिलंय यात."

"मंग ज्यानं लिवलं त्याला जाऊन सांग. मला काय सांगतं? बाजूला सर, गिऱ्हाईक हाय."

मी परत फिरले. बाई तांदूळ निवडत होत्या. पाकीट समोर ठेवलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

"बस," बाई म्हणाल्या. "पाळकांच्या चिठ्ठीत सगळं होतं. या घरात येणाऱ्या प्रत्येकाचा बाप पहिल्या दिवशी मरतो."

"माझा तर दोनदा मेला," दारातून पीटर म्हणाला. "एकदा तापानं, एकदा ट्रकखाली. गावी मस्त कोंबड्या पाळतोय."

बाईंनी पाकीट फाडलं. मुलगी नीट जेवते, शिवण छान धरते, काळजी करू नका, एवढंच होतं. मग वही पुढे सरकवली. यशवंत हे नाव पहिल्या दिवसापासून आईच्या नावाखाली होतं, जिवंत माणसांच्या पानावर. तीन आठवडे रोज त्यांच्यासाठी प्रार्थना होत होती आणि मीच आमेन म्हणत होते.

पनवेलला एक वर्ष काढल्यावर ते फाटकं पाकीट घेऊन मी शेवगावला परतले. आईला पत्र वाचून दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या आळीत गेले. वडील भिंतीला गिलावा करत होते.

"पनवेलला होतीस म्हणे. माझं काय सांगितलंस तिथं?"

"पहिल्या दिवशी मेलात म्हणून सांगितलं."

थापी थांबली. "आणि आता?"

"आता रोज तुमचं नाव घेतात प्रार्थनेत."

त्यांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. थापी फिरवत म्हणाले, "गुडघा लई दुखतो म्हणावं. तेवढं प्रार्थनेत घ्यायला सांग."

ते आमच्याकडे परत आले नाहीत, येतील असंही नाही. पण त्यांनी मागितलेली ती पहिली गोष्ट मी कार्डावर लिहिली, पनवेलचा पत्ता घातला आणि पोस्टाच्या पेटीत टाकली. हात अडला नाही.